साखळीएवढा खोल समुद्र

अजीम आष्ट्याला घरी पोचला तेव्हा त्याच्या अंगावर सुटका करणाऱ्यांनी दिलेला निळा टी-शर्ट होता. चार दिवसांपूर्वी भर समुद्रात त्याच्या मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, इंजिन बंद पडलं आणि हेलिकॉप्टरनं अकराही जणांना उचललं. जहाज बुडणार असंच सगळे धरून चालले होते. पण पाणी एकाच कप्प्यात भरलं होतं. बाकीचे कप्पे कोरडे राहिले आणि जहाज तरंगत राहिलं. आता ते दिव्याविना कुठंतरी वाहत होतं. दोन दिवस विमानं शोधत होती, पण पत्ता नव्हता.

"मासेमारी सुरू झालीया," अजीम ताट सरकवत म्हणाला. "अंधारात एखादी होडी धडकली तर?"

त्याची बहीण अर्फा सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. समुद्रात वाहणाऱ्या वस्तूंवर तिचं संशोधन चालू होतं.

"भाई, शोधतायत कुठं?"

"रत्नागिरीकडं. वारं तिकडंच ढकलतंय न्हवं?"

तिनं लॅपटॉप उघडला. जहाज सोडलं त्या जागेवरून हजार काल्पनिक जहाजं सोडली. प्रत्येकाला वारा आणि प्रवाह थोडा वेगळा. पडद्यावरचे ठिपके सरकत सरकत रत्नागिरीकडंच गेले. तिथं तर शोधूनही जहाज सापडलं नव्हतं. अर्फाचा चेहरा पडला.

शेजारी अब्बा, चांदसाहेब, गादी शिवत बसले होते. सुई थांबवून त्यांनी विचारलं, "आरं, जहाजाला नांगर असतोय की. त्यो कुठं हाय?"

"सोडलंवतं अब्बा, दोन्ही. पर पाणी लय खोल. तळ लागलाच न्हाई."

अर्फा ताडकन उठली. "म्हणजे साखळ्या अजून खाली लोंबतायत? किती लांब?"

"दीडशे मीटर. का गं?"

"वारा ढकलतो ते पाण्यावरचं अंग! खालच्या साखळ्या त्याला मागं ओढणार. वाऱ्याचा जोर कमी पडला की प्रवाह नेईल तिकडं जाणार. आणि ऑगस्टात प्रवाह दक्षिणेला असतो!"

तिनं आकडे बदलले. ठिपके वळले, मालवणच्या दिशेनं निघाले. तिचा आवाज चढला. "किनाऱ्याकडं समुद्र उथळ होत जातो. पाणी साखळीएवढं खोल उरलं की नांगर तळाला टेकणार. थोडा फरफटणार, मग धरणार. भाई, जहाज थांबलेलं असणार!"

अजीमनं तिथल्या तिथं कॅप्टनला फोन लावला. अर्फाचा हिशोब त्यांना सांगितला. पलीकडून आवाज आला, "बहिणीला दे फोन." अर्फानं जागा सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कॅप्टनचा फोन आला. अजीमनं स्पीकर लावला.

"सापडलं! मालवणच्या पश्चिमेला, नांगरावर उभं आहे. होड्यांना वायरलेसवर इशारा दिलाय."

केसांत कापूस घेऊन चांदसाहेब उठले आणि लेकीला मिठीच मारली. "आवं, ऐकलं का? सापडलं!" ते दारातूनच गल्लीला ओरडून सांगू लागले.

"मी सांगितलेल्या जागेपासून किती लांब?" अर्फानं फोनकडं वाकून विचारलं.

"एकोणीस किलोमीटर."

फोन ठेवून अजीम हसला. "एवढ्या दर्यात एकोणीस म्हंजे काय गं?"

"लय हाय!" तिनं लॅपटॉप पुढं ओढला. डोळे चमकत होते. "एक नांगर आधी अडकला असणार. दोन्ही साखळ्या सारख्याच सोडल्या होत्या का? नीट आठवून सांग."

अजीम खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.