माशाच्या आदी काय झालं

माझ्या साक्षीत पहिल्या वर्षी एकच मासा हुता, आन त्यो बी बोटाएवढा.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सुगी झाली की उपकारस्तुतीचा रविवार असतो. देवानं ज्याच्यावर उपकार केलं त्यानं देवळात उभं ऱ्हाऊन साक्ष द्यायची. कुनी म्हस वाचली म्हून सांगतं, कुनी पोरगं फौजेत भरती झालं म्हून. माझी साक्ष क्षयाची. बहात्तर सालात मला क्षय झालता, रगत पडायचं. सांगलीच्या दवाखान्यातनं आनलेल्या गोळ्या मी परसातल्या विहिरीत टाकल्या, गुडघं टेकलं, आन तिसऱ्या दिवशी सकाळी खोकला गेला. हितं आलं की लोक हालेलूया म्हनायची. तेवढ्यावर खाली बसावं का न्हाई? पर माझी जीब ऱ्हाती व्हय. मी म्हनले, त्या गोळ्या एका माशानं खाल्ल्या.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीत मासा आला कुठनं, हे कुनी इचारलं न्हाई. म्हून दुसऱ्या वर्षी त्यो लाटण्याएवढा झाला. मंग रेडकाएवढा. एका वर्षी त्याचा बी खोकला गेला आन आवाज खुलला, सकाळच्या पारी त्यो विहिरीत गीतं म्हनायचा, त्ये बी खालच्या सुरात. एका वर्षी त्यानं विहिरीतनं उडी मारली ती थेट कृष्णेत, आन उलटा पोहत वाईच्या घाटावर माझ्या भावाला सलाम करून आला. वाई माझं माहेर, तवा त्याला तिकडं धाडनं भागच हुतं. पोरं हसून बाकावरनं पडायची. पाळकसाहेब रुमालात तोंड घालायचं.

माशाला कुनी खरं मानलं न्हाई. मला वाटायचं, ज्या गोष्टीत असला मासा हाय ती सगळीच गोष्ट लोक हसण्यावारी नेत असत्याल.

चौऱ्याण्णव सालात, उपकारस्तुतीला पाच दिवस ऱ्हायलं असताना, माया माझ्याकडं आली. ही कुंडलची पोरगी, आमच्या मंडळीतल्या रोहनला दिलेली. रोहन फौजेत, राजस्थानात. सासू-सासरं कवाच गेलेलं. घरात ती आन दोन वर्साची अक्षता, एवढंच. पोरीला कडंवरनं खाली ठिवून ती माझ्या हंतरुणावर टेकली आन हळूच म्हनली, "आक्काताई, मी बी टाकल्या गोळ्या. कृष्णेत. मासं बगायला थांबले न्हाई पर."

मी इचारलं, कसल्या गोळ्या गं. तवा तिनं सगळं सांगितलं. दोन महिनं खोकत हुती. सांगलीत छातीचा फोटो काढला, आठ महिन्यांच्या गोळ्या लागतील म्हनलं. तीन आठवडं खाल्ल्या. लघवी लाल व्हायची, पोटात कालवायचं, पोरीला उचलायचं बळ ऱ्हाईना. मंग माझी साक्ष तिला आठवली. गोळ्या टाकून अठरा दिवस झालं हुतं.

मंडळीत कुनाला सांगितलंस का न्हाई, असं मी इचारलं. ती खाली बगून म्हनली, "प्रभुभोजनाचा प्याला समद्यांना एकच असतोय, आक्काताई. कळलं की मला शेवटी द्यायला लागतील."

हे तिला कुनी शिकवलं नव्हतं. तरी तिला ठावं हुतं. मला तर चांगलंच ठावं हुतं.

आता खरं काय झालतं त्ये सांगते. बहात्तर सालात मी तीन दिवसांच्या गोळ्या विहिरीत टाकल्या, हे खरं. कडू लागायच्या, ओकारी यायची. चौथ्या दिवशी हुसेनबीनं मला धरलं. हुसेनबी आमची शेजारीन, गावोगाव बांगड्या भरायची. विहीर तिची नि आमची एकच. तिनं मला अशा शिव्या दिल्या की त्या देवळाच्या भाईर सुदिक सांगता येत न्हाईत. आन दुसऱ्या दिवसापास्नं, बांगड्यांची पाटी डोक्यावर घिऊन निघायच्या आदी, ती रोज माझ्या दारात. गोळी तोंडात घाल. पानी पी. जीब वर कर. जिबंखाली बगितल्याबिगर पाटी उचलायची न्हाई. सुया टोचायच्या दिवशी एस्टीनं सांगलीला बी तीच न्यायची. असं दीड वरीस. तिसऱ्या दिवशी खोकला गेला न्हाई. दीड वर्सानं गेला.

आन आमची मंडळी? मंडळीनं प्रार्थना केली, खोटं कशाला बोलू. समोरच्या लिंबाखाली उभं ऱ्हाऊन केली. उंबऱ्याच्या आत कुनी आलं न्हाई. देवळात मला प्याला शेवटी आला, आन पुढं पुढं येगळा गिलास आला.

बरी होऊन मी देवळात गेले, तवा त्या वेळचं पाळकसाहेब म्हनलं, आक्काताई साक्ष देत्याल. मी उभी ऱ्हायले. म्होरं सगळी तीच त्वांडं. खरं सांगितलं असतं तर एकेकाला मान खाली घालाय लागली असती. आन मला तर पुन्यांदा त्यांच्या शेजारी बसायचं हुतं, त्यांच्या पंगतीत जेवायचं हुतं. म्हून मी हुसेनबीला गोष्टीतनं काढलं आन तिच्या जागी मासा घातला.

मायेला हे सांगायला पायजे हुतं. पर मी कशी हाय बगा. मी तिला आदी सपान सांगितलं. म्हनले, काल पहाटं देवदूत आलता, पांढरं धोतर, हातात कंदील, म्हनला मायेला गोळ्या खायला सांग. ती हसली. मंग मात्र मी खरं सांगितलं, सगळं, गिलासासकट. तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात नुसता भाजत हुता.

ती म्हनली, "तुमी माजा इस्वास बगताय व्हय? सांगलीच्या प्रार्थनेच्या सभेत, देव परीक्षा घेतोय म्हून सांगतेत तसं?"

"न्हाई गं बाई. मी खोटं बोलत हुते."

"घरात बोलत असशीला. देवळात कसं बोलशीला?"

आन पदर तोंडाला लावून ती खोकली. पदराचं टोक तिनं मुठीत दाबून धरलं, मला दिसू नये म्हून. मला दिसलं. अक्षता तिच्या मांडीवर चढून त्योच पदर चोखत हुती.

दुसऱ्या दिवशी मी पाळकांकडं गेले. आता शांतवन म्हून तरनं पाळक हुतं. मंडळीचं पंच दादासो बी तिथंच बसलं हुतं. मी सगळं सांगितलं. दादासोंनी दोन-तीनदा टोपी काढली नि घातली. त्यांचं म्हननं, एवढ्या वर्सांनी लोकांचा इस्वास कशाला हलवायचा. त्यात औंदा साताऱ्याच्या मंडळीची पावनी येनार, त्यांनी माझं नाव ऐकलेलं.

"मायेला घरातच समजवा की," दादासो म्हनलं.

मी म्हनले, "समजवलं. तिला देवळातलंच खरं वाटतंय. जिथं टाका घातला तिथंच उसवाय लागंल."

शांतवन पाळकांनी वही उघडली. मंग म्हनलं, मला बी त्यो मासा लय आवडायचा. आन साक्षीच्या यादीत माझं नाव त्यांनी पयलं लिवलं.

तितनं मी हुसेनबीच्या घरी गेले. आता ती बांगड्या भरत न्हाई, गुडघं गेलं. नातू झिशान दुकान बगतो. मी तिला म्हनले, रविवारी देवळात चल, तुझं नाव घेनार हाय. ती तांदूळ निवडत हुती. वर बगितलं सुदिक न्हाई.

"वीस वर्सं मला विहिरीत बुडवून ठिवलीस," ती म्हनली. "आता कशाला भाईर काढतीस? गारठली असंन मी."

"तुला ठावं हुतं?"

"गावाला ठावं हाय. मासा गातो म्हनं. माझ्यापरास गोड गातो का गं?"

मी रडाय लागले. ती म्हनली, रडू नगंस, तांदूळ भिजत्यात. मंग मायेचं सांगितलं तवा तिनं सूप खाली ठिवलं. किती दिस झालं टाकून, असं इचारलं. मी म्हनले, एकोनीस. ती म्हनली, मी तुझ्या देवळात यिऊन काय करू. माझ्या तोंडानं तुझं खोटं फिटत न्हाई. तू बोल. आन त्या पोरीचं घर कुठलं तेवढं सांगून जा.

रविवारी देऊळ भरलं हुतं. जवारीची कनसं, भोपळं, उसाची मोळी, सगळं म्होरं मांडलेलं. साताऱ्याची पावनी पुढच्या बाकावर. पोरं खाली सतरंजीवर, माशाची वाट बगत. माया खिडकीजवळ हुती.

मी उभी ऱ्हायले. मी म्हनले, औंदा मासा न्हाई. पोरं हसली, त्यांना वाटलं ह्यो बी त्यातलाच प्रकार. मंग मी सांगितलं. गोळ्या तीनच दिवस टाकल्या. दीड वरीस खाल्ल्या. हुसेनबीनं खाऊ घातल्या. मी तिचं नाव देवापुढं लपवलं, कारन मला तुमी परत पायजे हुता. गिलासाचं सांगावं का न्हाई कळंना. तवा मायेकडं बगितलं, आन सांगितलं.

कुनी हालेलूया म्हनलं न्हाई. साताऱ्याचा एक पावना घड्याळ बगत हुता. दादासोंनी टोपी डोळ्यांवर घेतली. भामाबाई, माझ्याच वयाची, तिच्या हातनं त्यो येगळा गिलास घासला जायचा, ती एकटक आपल्या हाताकडं बगत बसली. एक पोरगी हळूच म्हनली, मंग मासा मेला का. तिच्या आईनं तिला चिमटा काढला.

पाळकांनी आशीर्वाद द्यायच्या आदीच माया उठली, पोरीला कडंवर घेतलं आन माझ्याकडं न बगता भाईर गेली.

म्हनजे मी सगळं घालवलं. मंडळी बी, आन मायेला बी. जेवनाच्या पंगतीला मी थांबले न्हाई. कुनी थांब म्हनलं बी न्हाई.

सोमवारी सकाळी मी मायेच्या घरी गेले. तिच्या उंबऱ्यावर हुसेनबी बसली हुती, पाय पसरून, गुडघं दाबत. अक्षतेच्या हातात दोन नव्या लाल बांगड्या. माया आत, भिंतीला टेकून. डोळं सुजलेलं.

ती म्हनली, "तुमी मला फसवलं."

"व्हय."

"मी मेले असते."

"व्हय."

"आन मंग मी आता कशावर इस्वास ठिवू?"

हुसेनबी उंबऱ्यावरनं म्हनली, ते तुमी दोघी नंतर ठरवा, नवाची एस्टी चुकंल.

एस्टी चुकली न्हाई. दवाखान्यात डॉक्टर मायेवर लय रागवलं, मधीच सोडलं तर रोग कसा चिवट होतो ते सांगितलं, आन पुन्यांदा पयल्यापास्नं सुरू केलं. माया म्हनली न्हाई माझ्यामुळं झालं म्हून. ते मीच सांगितलं. डॉक्टरांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बगितलं, तसं माझ्याकडं कुठल्या पाळकांनी कवा बगितलं नव्हतं.

त्या दिवसापास्नं रोज सकाळी सातला मी मायेच्या दारात. पयलं दोन महिनं ती माझ्याशी बोलली न्हाई. गोळी तोंडात, पानी, जीब वर. मी आले तशी जायची. एका सकाळी जाऊन बगते तर चुलीपुढं भामाबाई, अक्षतेला पेज भरवत. ती माझ्याकडं बगून म्हनली, आज म्हस लवकर पिळून झाली. मी म्हनले, बरं झालं. गिलासाचं ना ती बोलली, ना मी. पुढच्या प्रभुभोजनाला प्याला भामाबाईकडनं पयला मायेकडं गेला. कुनी ठरवलं हुतं का आपसूक झालं, मला ठावं न्हाई, आन ह्या बाबतीत मी काय रचनार न्हाई.

चौथ्या महिन्यात एकदा गोळी मायेच्या घशाखाली उतरंना. डोळ्यात पानी, हात तोंडावर. तवा तीच हाताच्या फटीतनं म्हनली, "मासा सांगा की."

मी इचारलं, कुठला. खोटा का?

तिनं व्हय म्हून मान हलवली.

मंग मी सांगितलं. म्हनले, त्यो आता म्हातारा झालाय. वाईच्या घाटावर चष्मा लावून बसतोय. गुडघं गेलं म्हून आता पोहत न्हाई, एस्टीनं फिरतोय, आन कंडक्टर त्याला हाफ तिकीट देतोय. माया हसली, आन गोळी गेली.

"जीब वर कर," मी म्हनले.