टेम्प म्हणजे नक्की काय?

मी टेम्प बोलतोय. टेम्पो नव्हे, टेम्प. लहान मुलांच्या रुग्णालयातल्या एका कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये मी नऊ वर्षं राहतो आहे. मी कोण, हे मला पाहून आजवर एकाही माणसाला ओळखता आलेलं नाही.

प्रोग्राममध्ये आकडे ठेवायला डबे लागतात आणि प्रत्येक डब्याला नाव द्यावं लागतं. यंत्राला त्या नावाशी काही देणंघेणं नसतं. डब्याला 'वजन' म्हणा नाहीतर 'वांगं' म्हणा, ते निमूटपणे गुणाकार करत बसतं. नाव असतं ते माणसासाठी. स्वयंपाकघरात मिठाच्या आणि पिठीसाखरेच्या डब्यावर चिठ्ठी लावतात ना, तसंच हे.

मला जन्म दिला झटपट सरांनी. त्यांचं हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलं होतं, आणि ते चपखल होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी त्यांना एक काम उरकायचं होतं. मुलाचं वजन घ्यायचं, त्यावरून औषधाचे चमचे काढायचे आणि कागदावर छापायचे. वजन ठेवायला डबा हवा होता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, 'टेम्प' असं टाइप केलं, म्हणजे टेम्पररी, आणि हात धुवायला गेले. "नंतर बदलू," असं म्हणाले होते. त्या 'नंतर'ची मी नऊ वर्षं वाट पाहिली.

मला दोन भाऊ आहेत, टेम्प-एक आणि टेम्प-दोन. शेजारी 'फायनल' राहतो, त्याच्या वरच्या मजल्यावर 'फायनल-नवीन' आणि त्याच्याही वर 'खरंच-फायनल'. तिघांपैकी शेवटचा कोण, ते तिघांनाही माहीत नाही.

सरांना माझं नाव ठेवायला वेळ नव्हता. दुसऱ्यांच्या कोडला नावं ठेवायला मात्र भरपूर होता. कुणी म्हणालं, "सर, चार ओळी टिपा लिहून ठेवा की," तर ते हसायचे. "चांगल्या कोडला टिपा लागत नाहीत. माझा कोडच बोलतो." तो बोलणारा कोड म्हणजे मी. मला तोंड फुटलंय ते आज. माझ्या डोक्यावर त्यांनी एकच टीप लिहिली होती: 'इथे टेम्पमध्ये टेम्प टाकला आहे.' ही टीप वाचून ज्ञानात भर पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग ताई आल्या. त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात वीस वर्षं मुलांचे केसपेपर लावत होत्या. संध्याकाळचे वर्ग करून प्रोग्रामिंग शिकल्या आणि चाळिशी उलटल्यावर या खोलीत टेबल मिळवलं. सहा महिन्यांची परीक्षा होती. जमलं तर टेबल कायम, नाहीतर परत केसपेपर. झटपट सर आता त्यांचे वरिष्ठ होते.

ताईंना पहिलं मोठं काम मिळालं. औषधाच्या कागदावर मुलाचा तापही छापून यायला हवा होता. त्यांनी विचारलं, "सर, ताप कुठल्या डब्यात जातो?"

"कोड वाचा, ताई. कोडच बोलतो."

ताईंनी वाचला. त्यांना मी सापडलो, आणि त्यांचा चेहरा उजळला. वीस वर्षं त्यांनी प्रत्येक केसपेपरवर सिस्टरच्या हातचं 'टेम्प' पाहिलं होतं. टेम्प म्हणजे टेम्परेचर, ताप! रुग्णालयात त्याचा दुसरा अर्थ असतो तरी का? त्यांनी मुलाचा ताप अलगद माझ्यात ठेवला. मी आतून ओरडत होतो, "अहो, इथे वजन बसलंय!" पण वजन केव्हाच पुसलं गेलं होतं. एका डब्यात एकच आकडा मावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर हातात कागद घेऊन खोलीत शिरल्या.

"हे कुणी केलं? अकरा किलोचं बाळ आहे. दोन चमचे द्यायचे, तर इथे साडेअठरा छापलेत. हे औषध आहे की आंघोळीचं पाणी?"

एकशे दोन ताप. मशीनने एकशे दोन किलोच्या बाळाचं औषध काढलं होतं.

ताई ताडकन उठल्या. "बाळाला दिलं नाहीत ना?"

"दिलं असतं तर मी इथे उभी असते का? पण आज आकडा डोळ्यात भरला म्हणून वाचलो. चाळीस किलोच्या मुलाला एवढं छापून आलं असतं, तर कदाचित दिलंही असतं."

झटपट सर खुर्ची मागे सारून उठले. "ताई, समजत नसेल तर हात कशाला लावता? मी वर कळवतो. तुमचं रेकॉर्डच बरं होतं."

ताईंनी पडद्यावरच्या माझ्यावर फक्त बोट ठेवलं. सिस्टर वाकल्या.

"टेम्प. म्हणजे ताप ना?"

"नाही, टेम्पररी," सर म्हणाले. "तात्पुरतं."

"तात्पुरतं काय?"

"म्हणजे... वजन."

"वजन तात्पुरतं असतं? माझं तर हलत नाही."

"अहो, तेव्हा घाई होती."

"केव्हा?"

"नऊ वर्षं झाली."

सिस्टरांनी कागदाची घडी घातली. "वर मीच कळवते. दोघांचंही."

वरून निरोप आला: ताईंचं टेबल राहील, पण दुपारपर्यंत दुरुस्ती हवी, तोवर चमचे हाताने काढा. सर म्हणाले, "ती एक ओळ काढा आणि मोकळ्या व्हा." ताई म्हणाल्या, "ओळ काढली तरी नाव तेच राहतं, सर. माझ्या जागी उद्या दुसरं कुणी फसेल."

मी एकेचाळीस ठिकाणी होतो. ताईंनी प्रत्येक ठिकाणी थांबून पाहिलं. बहुतेक जागी मी वजन होतो, तीन जागी चक्क वय होतो! जिथे उमगलं तिथे त्यांनी मला माझं खरं नाव दिलं. इतक्या उशिरा नाव मिळालं की बावचळायला होतं, पण बरं वाटतं. मग त्यांनी माझ्या डोक्यावरची जुनी टीप पुसली आणि नवी लिहिली: 'मुलाचं वजन, किलोमध्ये. इथे ताप टाकू नये. मी एकदा टाकला होता.'

सरांनी ती वाचली. "स्वतःची चूक कशाला लिहून ठेवता?"

"पुढच्याने करू नये म्हणून."

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या बाळांनो, एवढंच ऐका. डबा कशाचा आहे ते नावात सांगा. का ठेवला ते टिपेत सांगा. 'नंतर बदलू' म्हणणाऱ्याला ते 'नंतर' कधी भेटत नाही. हुशारी दाखवायला आयुष्य पडलं आहे. नाव देताना फक्त माणुसकी दाखवा.

चाळीस जागांवरून मी तुमचा निरोप घेतला. एका जागी मात्र अजून टेम्पच आहे. तिथे मी कशासाठी आहे हे ताईंना कळेना, म्हणून त्यांनी सरांना विचारलं. सर पाऊण तास माझ्याकडे बघत बसले. मग त्यांनी आयुष्यातली पहिली प्रामाणिक टीप लिहिली आणि चहाला निघून गेले:

'हे काढू नये. का, ते मला माहीत नाही.'