सतरावा नट

गिरिधररावांना वेड एकच, पण ते भलतं होतं. शंभर वर्षांपूर्वी सिगारेट खपावी म्हणून पाकिटातून नाटकातल्या नटांची चित्रं निघायची, ती ते जमवत. पंचवीस नटांच्या एका मालिकेतले चोवीस जण सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरी अल्बममध्ये डिंकाने घट्ट बसले होते. सतरावा तेवढा वीस वर्षं हुलकावणी देत होता.

"मी मेली तरी तुमाले त्या सतराव्याचीच याद येईन जी," त्यांची बायको यमुताई म्हणायच्या, आणि गिरिधरराव खुशाल हसायचे.

तो अखेर खापा गावी सापडला, जुन्या वस्तू विकणाऱ्या मधुसूदनकडे. स्त्रीवेषातला नट, नऊवारी, नथ, तोंड असं वळवलेलं की डावा गाल तेवढा दिसावा.

"पैसे नाही पाहिजे," मधुसूदन म्हणाला. "चित्राच्या बदल्यात चित्र द्या. बाईचं."

गिरिधररावांनी खिशातून यमुताईंचा पासपोर्ट फोटो काढून दिला. घरी तसे आणखी चार होते, त्यात विचार तो काय करायचा? घरी पोचताच त्यांनी चित्र चिकटवून टाकलं.

त्या दुपारी यमुताई कुरकुरल्या नाहीत. तोंड बाजूला वळवून त्यांनी चहा पुढे केला. दुसऱ्या दिवशी जेवण वाढलं तेही तसंच. त्यांच्या उजव्या गालावर फोडणीचं तेल उडून पडलेला डाग होता; चाळीस वर्षांत ज्याच्याकडे धड पाहिलं नव्हतं तो डाग पाहायला गिरिधररावांचा जीव आता कासावीस झाला. ते टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. यमुताई तेवढ्याच वळल्या.

"काय झालं वं?"

"काही नाही. गाल जरा ओढल्यासारखा होतो आहे."

आवाज यमुताईंचाच होता. पण त्या असं शुद्ध, पुस्तकी कधी बोलत नसत. गिरिधरराव सरळ सरळ घाबरले.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने ते खाप्याला गेले. "तुझं चित्र घेऊन टाक गा, पण माझ्या बायकोचा फोटो दे," ते अक्षरशः रडकुंडीला आले होते.

"तो तर गेला जी." मधुसूदनने मान वर केली नाही. "चित्र उलटून पाहिलं होतं काय तुम्ही?"

पाहिलं नव्हतं. मागे सिगारेटची जाहिरात असते, ती कोण वाचतो?

घरी येऊन त्यांनी ओल्या फडक्याने सतरावं चित्र भिजवलं आणि हलक्या हाताने सोडवलं. मागे जाहिरात नव्हती. तिथे चेहऱ्याची दुसरी बाजू होती. उजवा गाल, त्यावर तेलाचा डाग, आणि डिंकाने ताणून धरलेली कातडी. डोळा उघडा होता.

"यमे," ते पुटपुटले, आणि बोटाने डिंक पुसू लागले. पापणी मिटली, पुन्हा उघडली.

पाठीमागे बांगड्या वाजल्या. दारात ती उभी होती, डावा गाल त्यांच्याकडे करून, आणि तिच्या हातात डिंकाची बाटली होती.