रविवारची टाकी

धम्मरत्नने साखरेचं पाणी बिअरने भरलेल्या स्टीलच्या टाकीत ओतलं, झाकण घट्ट बसवलं आणि प्रफुल्लला दम दिला.

"या वेळी घाई नाही हां. लगेच फ्रिजमध्ये ढकललीस की यीस्ट झोपतं आणि आपण पुन्हा मुळमुळीत बिअर पितो. बाहेरच राहू दे. साखर खाऊन ते गॅस करेल, गॅस आत मुरेल, मग फ्रिज."

"आणि या उकाड्यात टाकी तापली तर?"

"ओलं पोतं गुंडाळ. रोज भिजव."

दोघं इच्छापोरच्या एकाच कारखान्यात ऑपरेटर होते. धम्मरत्न गोडादऱ्याला बायको वृषाली आणि मुलगा ओंकार यांच्यासोबत राहायचा. प्रफुल्ल घटस्फोटानंतर कतारगामला एका खोलीत एकटा. टाकी भंगारातली, कधीकाळी थंड पेयाच्या मशीनला जोडलेली. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे या उद्योगाबद्दल कुठेच बोलायची सोय नव्हती. रविवारी दुपारी धम्मरत्न यायचा. दार लावून दोघं माल्ट उकळायचे, चव घ्यायचे, भांडायचे. प्रफुल्लचं आठवड्यातलं खरं बोलणं तेवढंच.

त्याच आठवड्यात, कारखान्यात कामाची पाळी चालू असताना, धम्मरत्न छाती दाबत खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाला प्रफुल्ल मागच्या रांगेत बसला. वंदना झाली. चुलतभाऊ बोलले, शेजारी बोलले, विहारातले लोक बोलले. त्याला कोणी बोलायला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तो काय बोलणार होता? निघताना तो वृषालीवहिनींसमोर थांबला.

"जय भीम, भाऊ. तुम्ही कोण?"

"प्लांटमध्ये सोबत होतो."

"हां," त्या म्हणाल्या आणि मागच्या माणसाकडे वळल्या.

घरी येऊन त्याने झाकणावरची कडी जराशी ओढली. फुस्स झालं. गॅस धरत होता. पोतं कडकडीत वाळलं होतं, ते त्याने भिजवलं. मग रोज कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी तो पोतं भिजवू लागला. टाकी फेकून द्यावी असं मनात यायचं, पण हात पाण्याच्या बादलीकडेच जायचा.

ठरल्याप्रमाणे मुरू दिल्यावर त्याने फ्रिजमधल्या जाळ्या काढून टाकी आत उभी केली. रविवारी दुपारी पहिला ग्लास भरला. वर पांढरा दाट फेस आला आणि बसला नाही. घोट घेतल्यावर जिभेला बारीक टोचलं. इतक्या वेळा फसल्यावर आज जमली होती.

सवयीने त्याने धम्मरत्नला फोन लावला. रिंग वाजायला लागली तेव्हा भान आलं. तो फोन बंद करणार तोच पलीकडून आवाज आला.

"हॅलो? प्रफुल्ल प्लंबर?"

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं, धम्मरत्नने त्याचं नाव असं लिहून ठेवलं होतं.

"वहिनी, मी प्लांटमधला प्रफुल्ल. चुकून लागला."

"थांबा. दर रविवारी तुमचाच फोन यायचा." त्यांचा आवाज बारीक झाला. "खरं सांगा, भाऊ. ते रविवारी कुठे जायचे? मी विचारलं की म्हणायचे, काम आहे. मला वाटायचं... दुसरीकडे कुठे तरी."

प्रफुल्लने ग्लास ओट्यावर ठेवला.

"माझ्याकडे यायचा. आम्ही बिअर बनवायचो."

"बिअर?"

"हो. बाकी काही नाही. शपथेवर सांगतो."

मग त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

"मी काय पोलिसांना बोलावणार होते का? सांगायचं ना मला!" नाक पुसून त्यांनी विचारलं, "बरी झाली का?"

"छान झाली. पहिल्यांदाच."

"बरं." त्या म्हणाल्या. "आता हा नंबर ओंकार वापरणार आहे, भाऊ. त्याच्या क्लासचे फोन येतात. इथे नका करू."

"नाही करणार, वहिनी."

फोन बंद झाला. यादीतून नंबर काढायला त्याने अंगठा ठेवला, पण काढला नाही. खाली गल्लीत कोणीतरी गुजरातीत भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. प्रफुल्ल खिडकीशी उभा राहून ते संपेपर्यंत ऐकत राहिला.