इंगळगीकरांचं पुस्तक

मी दुसऱ्यांचे प्रबंध लिहितो. पाटीवर 'टंकलेखन, मुद्रितशोधन व संशोधन साहाय्य' असं आहे, पण सात रस्त्याजवळचा तो अरुंद जिना चढून येणाऱ्याला काय हवंय, हे त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. एकोणीस वर्षांत मी समाजशास्त्राचे, मराठीचे, ग्रामीण विकासाचे डॉक्टर घडवले. एकदा तर शारीरिक शिक्षणाचासुद्धा घडवला, आणि मला धड सूर्यनमस्कार येत नाही. स्वतः मात्र नुसता हृषीकेशच राहिलो. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा दोन विषयांत पास झालो, नऊ कॉलेजांत मुलाखती दिल्या, दहाव्या ठिकाणी जायचं सोडून दिलं.

या धंद्यात कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही. गिऱ्हाईक मला सांगतं, सर्वेक्षण पूर्ण झालंय, झालेलं नसतं. मी त्याला सांगतो, तीन प्रकरणं तयार आहेत, एकही नसतं. मृत्युंजय नावाचा एक जण गिऱ्हाइकं आणतो, तो आम्हा दोघांनाही थापा मारतो. त्याची सगळ्यात वाईट खोड म्हणजे एकच प्रबंध दोघांना विकायचा. टेंभुर्णीच्या एका प्राध्यापकासाठी मी ऊसतोडणी कामगारांवर लिहिलं होतं. दोन वर्षांनी तोच प्रबंध, माढ्याच्या जागी माळशिरस घालून, भलत्याच बाईंच्या नावावर बाहेर पडला. मृत्युंजयला जाब विचारला तर म्हणाला, "सर, तो तुमचाच कशावरून?"

तेव्हापासून मी खूण ठेवायला लागलो. आमच्यातले बरेच जण ठेवतात. कुणी आकडेवारीत एक ठरावीक आकडा पेरतो, कुणी प्रस्तावनेत एक वाक्य. माझी खूण म्हणजे एक पुस्तक: 'इंगळगीकर, सि. गो., दक्षिणकाठचे श्रमजीवन, १९६८.' असं पुस्तक जगात नाही. असा माणूसही नाही. ते एका तळटीपेत आणि शेवटच्या संदर्भसूचीत बसवायचं, आणि पुढं कधी परक्या प्रबंधात दिसलं की समजायचं, माल आपला. अकरा प्रबंधांत हे इंगळगीकर आहेत. अकराही जण आज पक्क्या नोकरीत आहेत.

साक्षी मात्र मृत्युंजयकडून आली नव्हती. कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीत राहायची, एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची. दोन्ही हातांत कापडी पिशव्या, त्यात भरलेल्या प्रश्नावल्या. दोनशे चौदा. विडी वळणाऱ्या बायकांकडं तीन वर्षं घरोघर जाऊन तिनं त्या भरून घेतल्या होत्या. कारखान्यात विड्या दिल्यावर त्यातल्या किती 'छाट' म्हणून बाजूला काढतात, त्या छाटेचं नुकसान भरून काढायला घरातली कोणती मुलगी शाळेतून निघते, हा तिचा विषय. पहिली प्रश्नावली तिच्या आईची, पारूबाईंची होती. सहीच्या जागी अंगठा.

"सर, लिहिलंय सगळं मीच," ती म्हणाली. "फक्त भाषा नीट करा आणि मांडणी. माझं मराठी आमच्या गल्लीतलं हाय. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, प्रबंधात चालत नाही."

मी रात्रभर नाही, पण दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते वाचत बसलो. खरं सांगतो, मला आधी हेवा वाटला आणि मग लाज वाटली. इतकी वर्षं मी घरबसल्या शेकडो बायकांची उत्तरं बनवली होती, पण माझ्या एकाही बाईनं असं उत्तर दिलं नव्हतं. 'छाट कशामुळे निघते?' या प्रश्नाला एकीनं सांगितलं होतं, 'त्या दिवशी छाट काढणाऱ्याचं बायकोशी भांडण झालेलं असतं.'

मी तिला शब्द दिला की एक ओळही माझी घालणार नाही. आणि पाळलाही. चार महिने नुसती भाषा घासत बसलो, आकड्याला हात लावला नाही. शेवटी संदर्भसूची केली आणि हात सवयीनं चालला. इंगळगीकर येऊन बसले.

छापायच्या आधी ती कच्ची प्रत तपासायला आली. बोट ठेवून एकेक ओळ वाचणारी बाई. त्या ओळीवर थांबली.

"सर, हे इंगळगीकर कोण? हे मी वाचलेलं नाही."

एक बटण दाबलं असतं तर ती ओळ गेली असती. पण मग सांगावं लागलं असतं की ती ओळ काय आहे आणि कशासाठी घालतात. जी माणसं चोरी करतात त्यांच्यासाठी ठेवलेली खूण मी तिच्या कामावर मारली होती, हे तिच्या तोंडावर बोलायला माझी जीभ रेटेना.

"जुनं पुस्तक आहे," मी म्हणालो. "आता मिळत नाही. असू दे, सूचीला वजन येतं."

"तुमी वाचलंय ना?"

"वाचलंय."

"मग राहू दे की," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर गेली.

तोंडी परीक्षेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. तिनंच बोलावलं होतं. रीतीप्रमाणं पुष्पगुच्छ, नाश्त्याची खोकी, सगळं आणलेलं. पारूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, शेजारी कुंभारीच्या सहा-सात बाया. डॉक्टर झाली की त्याच महिन्यात एका अनुदानित कॉलेजात तिची मुलाखत होती. चौतीस वर्षांची झाली होती, पक्क्या नोकरीची ती शेवटचीच संधी, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

तिनं सुंदर मांडलं. बाहेरून आलेले परीक्षक, पांढऱ्या मिशांचे, सारखे मान हलवत होते. मग त्यांनी प्रबंधाची शेवटची पानं उघडली.

"हे इंगळगीकरांचं पुस्तक तुम्ही वाचलंय?"

साक्षीनं वर पाहिलं. सगळ्या माणसांवरून तिची नजर माझ्यापर्यंत आली. एवढंच. मी मान हलवली की नाही, मला खरंच आठवत नाही.

"हो सर," ती म्हणाली.

"कुठं मिळालं?"

"वाचनालयात."

परीक्षक हसले नाहीत. "हे पुस्तक मला तिसऱ्या प्रबंधात भेटतंय. दोन वर्षं शोधतोय. मुंबईपासून नागपूरपर्यंत एका ग्रंथालयात नाही. तुम्हाला मिळालं असेल तर मलाही दाखवा. आठ दिवस देतो, मग विद्यापीठाची समिती बसेल."

नाश्त्याची खोकी कुणी उघडली नाहीत. बाया विचारत होत्या, "झाली का गं डॉक्टर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना चढून वर आली. रडलेली नव्हती. उलट घाईत होती.

"सर, तेवढं पुस्तक द्या. झेरॉक्स असली तरी चालेल. समितीला दाखवून लगेच परत आणून देते."

तिला अजूनही वाटत होतं की पुस्तक आहे. मी तिला सगळं सांगितलं. खूण काय असते, कशासाठी असते, तिच्या प्रबंधात कशी गेली. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच बोलली, "पण तुमी वाचलंय म्हणाला होता."

"तू हो कशाला म्हणालीस?" मी उलट तिच्यावरच डाफरलो. माझा हा स्वभाव आहे; चूक माझी असली की आवाज चढतो.

"तुमी घातलंय म्हटल्यावर असणारच की. एवढ्या लोकांत तुमचं नाव खाली पडू नये म्हणून म्हटलं."

मग तीच म्हणाली, "लिहून द्या मला, सर. ती ओळ तुमची, बाकी सगळं माझं. एवढंच लिहून द्या."

मी देतो म्हणालो.

संध्याकाळी मृत्युंजय आला. या लोकांना बातमी कुठून लागते देव जाणे. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "पुस्तक पाहिजे ना? छापू की! जुना कागद आहे माझ्याकडं, खिळ्यांचा छापखानासुद्धा अजून चालू आहे एकाचा. पाच दिवसांत अडुसष्ट सालचं पुस्तक हातात देतो."

मी साक्षीला फोनवर विचारलं, इतका मी खाली गेलो होतो. ती म्हणाली, "आता आणखी एक खोटं नको, सर."

मृत्युंजय उठता उठता म्हणाला, "मग पत्र देताय म्हणा. द्या. पण त्यात खूणबिण लिहू नका. ते इंगळगीकर बाकीच्या अकरा जणांकडं आहेत. एकेकाला बाहेर काढतील. एकीच्या घरी तुम्ही मागच्या महिन्यात लग्नाला जेवून आलात. आणि सगळ्यात आधी तुम्हीच आत जाल, ते वेगळंच."

मी पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं, दुसरं काही येत नाही मला. 'सदर नोंद टंकलेखकाच्या अनवधानाने अन्य फाईलमधून समाविष्ट झाली असून संशोधक विद्यार्थिनीचा त्यात काही दोष नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि तिच्या मार्गदर्शक सरोजिनी मॅडमकडं गेलो.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे असं पुस्तक नाही."

"नाही, मॅडम."

"ते चुकून आलं."

"हो."

"मग साक्षीनं वाचनालयात वाचलं काय?"

मी पत्र परत घ्यायला हात पुढं केला.

"समितीत पहिला प्रश्न हाच येईल," मॅडम म्हणाल्या. "टंकलेखकाची चूक हिनं वाचलेली कशी? या पत्रानं ती सुटत नाही, उलट जास्त अडकते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हृषीकेश, मी त्या मुलीला सहा वर्षं ओळखते. ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. ती हो का म्हणाली, हे तुम्हाला माहीत आहे. तेच पुस्तक आणखी दोन प्रबंधांत कसं आलं, हेही माहीत असणार. सगळं खरं लिहून द्या. त्या प्रश्नावल्या समितीपुढं मांडून मी हवं तेवढं भांडेन. पण अर्धं खरं घेऊन मला भांडता येत नाही."

खिडकीबाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. मला ते अकरा जण दिसले, त्यांची घरं, त्यांच्या दारावरच्या 'डॉ.' लिहिलेल्या पाट्या. माझी खोली दिसली, कुलूप लावलेली. त्या अकरांपैकी एकानंही एक ओळ स्वतः लिहिली नव्हती, आणि तरी कुणाला कळू देणार नाही, हा त्यांना दिलेला शब्द मला मोडवेना. खरं तर शब्दाचं काही नव्हतं, मी घाबरलो होतो.

"अजून काही सांगायचंय?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम. मला एवढंच माहीत आहे."

त्यांनी चष्मा परत घातला आणि पत्र फाईलला लावलं.

समितीनं प्रबंध फेटाळला, नोंदणी रद्द केली. मुलाखतीचं पत्र आलं होतं, ते तसंच राहिलं. पुढच्या सत्रात कॉलेजनं तिला तासिकाही दिल्या नाहीत.

प्रश्नावल्या माझ्याकडंच होत्या. पोस्टानं पाठवता आल्या असत्या, पण दोन्ही पिशव्या घेऊन मी कुंभारीला गेलो. का गेलो विचाराल तर मला तिच्याकडून शिव्या खायच्या होत्या. चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दारात पारूबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. शेजारच्या दोघी उंबऱ्याशी. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला.

"या सर, बसा. साक्षे, सर आल्यात."

साक्षी आतून आली. पिशव्या घेतल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या. "कशाला तरास घेतला, सर?" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

पारूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात विचारलं, "सर, तुमी शिकलेलं हाय, खरं सांगा. लोक म्हनत्यात पोरीनं कुनाचं तरी चोरलं. चोरलं व्हय तिनं?"

"नाही, मावशी. एक ओळसुद्धा नाही."

"मग तुमी तितं सांगितलं न्हाय व्हय?"

मी तोंड उघडलं, तोच साक्षी चहा घेऊन बाहेर आली. "आई, सरांना काय इचारतीस? सरांनी लिहून दिलं की. सही करून दिलं. दुसऱ्या कुनी दिलं असतं व्हय? मीच न वाचता वाचलं म्हनले, त्येचं झालं हे."

मॅडमनी मला काय विचारलं होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. मॅडमनी सांगितलं नव्हतं, आणि मी तर नाहीच.

"खरं हाय व्हय, सर?" पारूबाईंनी विचारलं. "हिनंच खोटं सांगितलं?"

साक्षी माझ्या हातात कप देत होती.

"हो मावशी," मी म्हणालो. "तेवढं एक ती चुकली."

पारूबाई लेकीकडं वळल्या. "का गं बोललीस मग? लई शिकलीस म्हनून? त्यासाठी रातध्याड विड्या वळल्या व्हय मी? सगळ्या गल्लीनं अंगठं दिलं तुला, आता त्यास्नी काय त्वांड दाखवू?"

साक्षीनं मान खाली घातली. उंबऱ्यावरच्या बाया उठून आपापल्या घरी गेल्या. मी चहा पूर्ण प्यायलो, कप खाली ठेवला आणि सव्वापाचची बस धरायला निघालो.