स्फोटानंतरची शिट्टी

स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणत. कान इतके तिखट, की पलीकडच्या खोलीत कुणी चहा ढवळला तरी कप तडकलाय हे ती सांगायची. युद्धपटाच्या पहिल्या सात मिनिटांचा आवाज तिच्याकडे होता, आणि दिग्दर्शकाचं मागणं एकच: "प्रेक्षक खुर्चीत राहता कामा नये. त्या खंदकात पडला पाहिजे."

ताईने आधी संगीत काढून टाकलं. संगीत वाजलं की माणसाला धीर येतो, आपण सिनेमाच बघतोय म्हणून. कॅमेरा जमिनीलगत सरपटत होता, तसा तिने आवाजही खाली आणला: सैनिकाचा श्वास, पट्ट्याची कडी, चिखलातून निघणारा बूट. मग शेजारी बॉम्ब फुटतो, सगळं बंद होतं आणि त्याच्या कानात उरते एक बारीक शिट्टी. ती जमेपर्यंत महिनाभर तिने तो स्फोट दिवसातून पन्नासदा, मोठ्या आवाजात ऐकला.

चाचणीचा खेळ दुपारी होता. साठ अनोळखी माणसं. ताई धाकट्या बहिणीला घेऊन मागे बसली. स्फोट झाला तसा पुढच्या धिप्पाड गृहस्थाने शेजारच्या परक्या बाईचा हात घट्ट धरला, आणि तिनेही तो सोडवला नाही. कुणी खोकेना की हलेना.

"शिट्टी जरा टोचतेय का गं?" ताई कुजबुजली.

"कसली शिट्टी?"

"ही काय, वाजतेय ती!"

"ताई, काहीच वाजत नाहीये. म्हणून तर जीव घाबरा झालाय."

ताई उठून यंत्राच्या खोलीत धावली. तिचा प्रश्न ऐकून तिथे उभा असलेला दिग्दर्शक ओशाळून हसला. "सांगायचं राहून गेलं बघ. शिट्टी मीच सकाळी काढायला लावली. नुसती शांतता कशी लागते, बघावं म्हटलं."

जिन्याखाली जाऊन ताईने दोन्ही कानांत बोटं घातली. शिट्टी आणखीच मोठी झाली. उजव्या कानाशी चुटकी वाजवली, तर ती उशीखाली वाजल्यासारखी आली. हात गेला तर माणूस दुसरं काही करेल. कान गेला तर आपण काय करणार?

"उजव्या कानाला बारीक आवाज कमी येतात," दुसऱ्या दिवशी कान तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलेलं परत येईल असं सांगवत नाही. उरलेलं जपा." पुढचे प्रश्न सोबत आलेल्या बहिणीनेच विचारले.

तीन दिवस ती आवाजाच्या बटणाकडे हात नेऊन मागे घेत राहिली. चौथ्या दिवशी तिने दिग्दर्शकाला गाठलं. "माझा एक कान अधू झालाय. काम काढून घ्यायचं असेल तर आत्ताच सांगा."

"मोठं कर, मोठं कर म्हणून मीच मागे लागलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "काम तुझंच. शिट्टी ठेवायची का, तेही तूच सांग."

"नको. ती माणसं शांततेलाच घाबरली. मी बघितलंय."

उरलेलं काम तिने निम्म्या आवाजात केलं. उजवीकडचं काही कळेनासं झालं की सहायकाला विचारायची, आणि विचारताना दर वेळी कानशिलं तापायची. काम संपलं त्या संध्याकाळी ती एकटीच बाहेर पडली. रस्ता ओलांडण्याआधी तिने मान पूर्ण उजवीकडे वळवून बघितलं, आणि रस्ता रिकामा आहे यावर विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा बघितलं.