पॅनमधलं पिवळं बूच

धाकटीचा पाय ॲक्सिलरेटरवर फार जड. त्या घरात हे इतक्यांदा बोललं गेलं होतं की तिचं तिलाच ते पटून गेलं होतं. गाडी म्हणजे म्हातारी डिझेल पिकअप, ऑटोमॅटिक गिअरची. गिअर टाकला की बाईसाहेब आधी विचार करणार, मग हिसका देऊन निघणार. चढावर तर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. दोष कुणाचा? अर्थातच धाकटीचा.

"गिअरबॉक्सचं ऑईल मी दर वर्षी बदलतो," दादा सांगायचा. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, घराला लागूनच त्याचं गॅरेज. "माझ्याकडून काही कमी नाही. ही ॲक्सिलरेटरवर उभीच राहते, त्याला मी काय करू?"

बाबांनी एवढं ऐकलं आणि फर्निचरचं दुकान भरलेलं असताना, चार गिऱ्हाइकांच्या देखत, तिच्या हातातून किल्ली काढून घेतली. तेव्हापासून माल पोचवायला भाड्याचा टेम्पो, आणि धाकटी गोदामात कपाटांना पुठ्ठे गुंडाळत बसलेली. गाडी चालवणं म्हणजे तिचा जीव की प्राण! तरी ती भांडली नाही. चूक आपलीच, तर बोलायचं कुठल्या तोंडानं?

आता पिकअप भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा मात्र ती हटून बसली. "एकदा मला ऑईल बदलू दे. गाडी सुधारली तर मी स्वतः बाबांना चालवून दाखवते."

"अगं, आत्ता तर बदललंय! उगाच कशाला हात काळे करतेस?" दादा म्हणाला, आणि जरा जास्तच चिडला. तो जेवायला घरात गेला तशी तिनं गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि पाना घेऊन खाली शिरली.

गिअरबॉक्सच्या तळाशी ऑईलचा पसरट पॅन असतो, त्याला ऑईल सोडायला भोकच नसतं. एका बाजूचे बोल्ट ढिले करायचे, पॅन तिरका करायचा आणि वाहील ते परातीत घ्यायचं. निम्मं परातीत, निम्मं आपल्या अंगावर. बोल्ट काही केल्या हलेनात. दादानं फारच आवळलेत, असं बिचारी मनात म्हणाली. मग एकदाचे ते सुटले आणि ऑईल आलं, तेही लाल नाही, काळंकुट्ट, करपल्या दुधासारख्या वासाचं. माझ्याच पायानं जाळलं, असं म्हणून तिनं स्वतःला आणखी दोन शिव्या हासडल्या. बघा म्हणजे, भावावर विश्वास तरी किती असावा माणसाचा!

पॅन खाली घेतला तर तळाच्या गाळात प्लास्टिकचं एक पिवळं बूच. मेलं हे काय आता? आतलं काहीतरी तुटलं! हात पुसायलाही न थांबता ती समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातल्या काकांकडे धावली.

काकांनी बूच पाहिलं आणि गडगडाट करून हसले. "अगं वेडे, हे कारखान्यातलं! गिअरबॉक्स नवा असताना धूळ जाऊ नये म्हणून डिपस्टिकच्या, ऑईल मोजायच्या पट्टीच्या, भोकात बसवलेलं असतं. गाडी जोडताना तिथं नळी खुपसली की हे आत पडतं. पहिल्यांदा पॅन उघडणाऱ्याला ते सापडतं."

"पहिल्यांदा?"

"मग काय! हे परत आत ठेवून पॅन बंद करणारा खुळा अजून जन्माला यायचाय. ऐकलंस का, नवा फिल्टर आणि पॅनचं गास्केट पण घेऊन जा. जुना फिल्टर चोंदला असणार, म्हणून तर गिअर उशिरा पडतो."

धाकटी रस्ता ओलांडून आली ती कशी आली हे तिचं तिला ठाऊक नाही. तिला ढसाढसा रडायचं होतं, पण गाडी उघडी पडली होती. तिनं फिल्टर बसवला, गाळ पुसला, ऑईल गळू नये म्हणून कडेनं नवं गास्केट लावून पॅन आवळला. गाडी खाली घेऊन डिपस्टिकच्या नळीत नरसाळं घातलं आणि लालभडक ऑईल ओतायला लागली, तोच दादा आला.

"ऑईल बदलतो म्हणून गॅरेजचं शटर ओढून काय करायचास रे दर वर्षी?" तिनं बूच त्याच्या नाकासमोर धरलं.

दादाचा चेहरा पडला. "वरून थोडं ऑईल टाकायचो. इतक्या जुन्या गिअरबॉक्सला सगळं नवं ऑईल घातलं की तो बसतो, बंदच पडतो म्हणतात. माझ्या हातून बसला असता म्हणजे?"

"म्हणून माझ्या नावावर बसवलास? सख्ख्या बहिणीच्या?"

दादा काळ्या ऑईलची परात उचलून बाजूला ठेवायला लागला. तिचा आवाज चिरकला. "किल्ली माझ्या हातातून गेली, तेव्हा तू तिथं उभा होतास. आता बाबांना सगळं सांगते. त्यांना कळू तरी दे."

"नको गं," तो एवढंच म्हणाला.

गॅरेजच्या खुंटीवरची किल्ली काढून तिनं इंजिन सुरू केलं. ब्रेक दाबून एकेक गिअर टाकून पाहिला. लोण्यासारखा पडला. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, ऑईल बरोबर खुणेवर. इंजिनाचा आवाज ऐकून बाबा बाहेर आले आणि ती धावतच त्यांच्यापुढे गेली. किती दिवसांत ती अशी मान वर करून बोलली नव्हती.

"बाबा, हे बघा! ऑईल कधी बदललंच नव्हतं! गाडी माझ्यामुळे बिघडली नव्हती, बाबा!"

बाबांनी बूच पाहिलंच नाही. त्यांनी दादाकडे पाहिलं.

"तू सांगितलंस हिला?"

धाकटीचा हात तसाच पुढे राहिला. मग बाबाच चाचरत म्हणाले, "अगं, मलाही नंतरच कळलं. त्याला गॅरेज चालवायचंय, चार गिऱ्हाइकांत नाव राहायला हवं. तुझं काय, तू तर घरचीच."

तिला हुंदका आला, तो तिनं गिळला नाही. रडतरडतच ती गाडीत चढली आणि दार ओढून घेतलं. पिकअप हिसका न देता फाटकाकडे निघाली.

"अगं, निघालीस कुठं?" बाबा ओरडले.

तिनं काच खाली केली. "बाहेरची व्हायला," ती म्हणाली आणि चढाच्या रस्त्याला लागली.